फुकटचं भिंग

सोमवार, ४ मार्च

जमलं! अक्षरं मोठी झाली. टपोरी, काळीभोर, एकेक अक्षर बोराएवढं. चष्मा कपाळावर सरकवून अख्खी बातमी वाचली!

ही शिट्टीची कृपा. शिट्टी म्हणजे बाकावरचा माझा सोबती. जन्मभर चौकीदारी केली, आता घरी बसला तरी आवाज तसाच, म्हणून शिट्टी. परवा म्हणाला, "अरे, कॉम्प्युटरात भिंग मिळतं. पेपर वाचायला ते ब्राउझर उघडतोस ना, त्यालाच चिकटतं. माझ्या नातवाने घातलंय. फुकट!"

मी म्हटलं, फुकट कसं? कोण कुणाला काय फुकट देतं?

"फुकट ते पौष्टिक. तुला काय करायच्यात चौकशा?"

दुपारी सूनबाई जरा आडवी होते. तेवढ्यात बसलो. भिंगाचं चित्र सापडलं. दाबलं तर एक चौकोन उघडला, त्यात इंग्रजीत दोन-तीन ओळी. मुंग्यांची रांग नुसती. इंग्रजी अक्षरं माझ्या हाताला पाठ आहेत. पाट्या रंगवण्यात जन्म गेला, माणसाच्या उंचीची अक्षरं सरळ रेषेसाठी दोरी न मारता काढली. पण ती शेजारी-शेजारी बसून काय बोलतात ते कधी कळलं नाही. चौथीत शाळा सुटली. कुणी कागदावर लिहून द्यायचं, मी भिंतीवर काढायचो.

ओळींखाली निळं बटण होतं. बटण असतंच दाबायला. दाबलं.

घरात सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारतील, "म्हणजे दिसत नाही तुम्हाला?" — आणि पुन्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन निघेल. डॉक्टर म्हणतो, काही कळतसुद्धा नाही. त्याला कशाला कळेल? डोळा माझा!

शनिवार, ९ मार्च

आजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटापर्यंत. निधनवार्तासुद्धा. दोघे ओळखीचे निघाले. इतके दिवस माझ्यापुरते जिवंतच होते.

रविवार, १७ मार्च

पेपरात जाहिराती फार वाढल्या आहेत. आधी कडेला एखादी असायची. आता बातमीच्या मधोमध. चपला, केसांचं तेल, पोट कमी करा. बातमीवर बोट ठेवावं तर भलतंच दार उघडतं. आणि अक्षरं तर काय भिकार! वजन नाही, पोट नाही, ओळीला ओळ नाही. आम्ही असलं काढलं असतं तर मुकादमाने ब्रश फेकून मारला असता.

एक जाहिरात — लिहावं की नाही?

एक बाई होती. अंगावर कपडे होते म्हटलं तर होते, नव्हते म्हटलं तर नव्हते. खाली मराठीत लिहिलेलं, "एकट्या बायका तुमची वाट पाहत आहेत." मी लगेच बंद करायला हवं होतं. नाही केलं. थांबलो थोडा. भिंगामुळे सगळंच मोठं दिसत होतं.

शी! या वयात. लिहिलेलं खोडावंसं वाटतंय.

मंगळवार, १९ मार्च

आज सकाळी अनर्थ झाला.

घरात कॉम्प्युटर एकच. सकाळी सूनबाईचा, दुपारी माझा, संध्याकाळी मुलगा गोदामातून आला की त्याचा. सकाळी ती एका क्लासतर्फे लहान मुलांना गणित शिकवते. पडद्यावर मुलांची इवलीइवली तोंडं दिसतात, मागे कुणाची आई, कुणाची आजी. तिची पडद्यावरची पानं मुलांनाही तशीच्या तशी दिसतात.

मी कॉटवर बसून मोजे घालत होतो. ती बेरजा दाखवत होती. "आता मी पुढचं पान उघडते हं." मग एक पोरगं, नुकतंच वाचायला शिकलेलं, मोठ्याने, अक्षर अक्षर लावत — "ए-क-ट्या बा-य-का... ताई, कुणाची वाट बघतायत?"

सूनबाईने पडदाच बंद केला. नुसता काळा पडदा, आणि त्यातून कुणाच्या तरी आईचा आवाज, "हे काय चाललंय? मुलं आहेत समोर!"

नंतर किती तरी वेळ ती तिथेच बसून होती. मी एका पायात मोजा घालून.

मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पाहिलं नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही."

बुधवार, २० मार्च

क्लासच्या मॅडमचा फोन. तक्रारी आल्या. एका आईने तर पडद्याचा फोटो काढून सगळ्या पालकांना पाठवला.

संध्याकाळी मुलाने बूटही काढले नव्हते तेवढ्यात तिने विचारलं, "तू रात्री कॉम्प्युटरवर काय बघतोस?"

"गोदामाच्या ऑर्डरी. दुसरं काय बघणार?"

"आमच्यातली एक शिक्षिका म्हणाली, माणूस जे बघतो तेच कॉम्प्युटर पुन्हा दाखवतो. मी तर असलं बघत नाही."

"मग मी बघतो?"

"राहिलं कोण? बाबा?" — आणि ती हसली. रडता रडता हसली. "बाबा बिचारे निधनवार्ता वाचतात."

त्या बिचारेपणाने मला जमिनीत गाडलं. माझ्या हातात कप होता, तो तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"शपथ घे," ती म्हणाली.

"असल्या गोष्टीच्या काय शपथा घ्यायच्या?" मुलगा म्हणाला आणि मोरीत गेला. नळ बराच वेळ चालू होता.

खरंच असं असतं का? बघतो तेच दाखवतो? म्हणजे मी तेव्हा थांबलो, ते त्याने लक्षात ठेवलं?

शुक्रवार, २२ मार्च

नुकसान करून ठेवलंय. होतं त्यावर आणखी.

दुपारी गुपचूप बसलो. ठरवलं होतं, ती बाई जिथून आली तिथे परत घालवायची. कशी ते माहीत नाही. इकडे दाब, तिकडे दाब. तर लालभडक पाटी आली, शिट्टी वाजल्यासारखा आवाज! "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. ताबडतोब साफ करा." खाली बटण. देवासारखं धावून आलं, वाटलं. दाबलं.

आता तीन बायका आहेत.

शिवाय काही शोधायला गेलं की भलतंच पान उघडतं. डाव्या कोपऱ्यात एक झाडू आलाय, तो हलत राहतो. मी वायर उपटली आणि पेपर वाचत असल्यासारखा पेपर धरून बसलो. खरा, कागदाचा. एक अक्षर दिसत नव्हतं.

सूनबाई उठून आली. "बाबा, पेपर उलटा आहे."

रविवार, २४ मार्च

बाकावर गेलो. शिट्टी शेंगा खात होता. मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "तुझं भिंग कसं आहे?"

"कुठलं? ते? काढलं की! नातवाने मागच्याच आठवड्यात काढलं. त्यातून घाणेरड्या जाहिराती यायला लागल्या म्हणे. तुला सांगायचं राहिलंच."

"राहिलंच?"

"अरे, विसरलो. शेंगा घे."

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो म्हणाला, "मग जा की घरी, सांग. तू काय दरोडा घातलास?" बोलायला काय जातं! त्याला फक्त भिंगाचं ठाऊक आहे. मी थांबून बघितलं ते ठाऊक नाही.

परत येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात भिंती अशाच मिळायच्या. मुकादम एखाद्या घरमालकाला गाठायचा. "काका, सगळ्या घराला फुकट चुना मारून देतो. फक्त रस्त्याकडची भिंत आम्हाला द्या." मालक खूश. घर पांढरंशुभ्र! मग शिडी लावून मी चढायचो. त्या भिंतीवर काय येणार ते मालकाला विचारायची पद्धतच नव्हती. कधी साबण, कधी मूळव्याधीचा मलम, कधी मर्दानी ताकदीच्या गोळ्या. मालक खाली उभा राहून बोंबलायचा, "अहो, घरात पोरी आहेत माझ्या!" मुकादम म्हणायचा, "काका, चुना घेताना नाही बोललात ते?"

मी असल्या किती शिड्या चढलो! कुणी फुकट चुना मारतो म्हणाला की त्याचा डोळा भिंतीवर असतो, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? आणि मीच निळं बटण दाबलं. घर मुलाचं, भिंत सुनेची, आणि चुना घेतला मी.

आज सांगायचं ठरवून घरी आलो. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. ती मला म्हणाली, "त्याला सांगा, जेवण झाकून ठेवलंय." तो समोरच बसला होता. मी सांगितलं, "जेवण झाकून ठेवलंय."

तेवढंच सांगितलं.

मंगळवार, २६ मार्च

मॅडमनी शिकवणी थांबवली. कॉम्प्युटर तपासून घ्या, कुणामुळे झालं ते कळवा, मग बघू म्हणाल्या. "कुणामुळे" हा शब्द सूनबाईने मला दोनदा सांगितला.

मुलगा आता माझ्या खोलीत खाली गादी टाकून झोपतो. कुशी बदलतो. मला वाटतं, निर्दोष माणसाला आरोप असा झोंबतो. आणि मी वर कॉटवर, उशीवर डोकं ठेवून, बापासारखा बाप!

सूनबाईने सकाळी कपाटावरून बॅग काढली. आईकडे जाऊन येते थोडे दिवस, म्हणाली. थोडे म्हणजे किती ते मी विचारलं नाही. मला विचारायचं तोंड कुठे आहे?

आता सांगितलं तरी काय होईल? म्हणतील, म्हातारा चळला. दुपारी सून झोपली की असले उद्योग करतो. पुन्हा माझ्यासमोर ती पदर तरी मोकळा सोडेल का? जेवायला वाढताना मान खाली घालेल. ते मला बघवणार नाही.

न सांगितलं तर ती जाईल. तेही बघवणार नाही.

भित्रा आहे मी. दुसरं नाव नाही याला.

गुरुवार, २८ मार्च

सांगितलं.

नीट लिहून ठेवतो.

जायच्या आधी कॉम्प्युटर दाखवून टाकू, म्हणून सूनबाईने बाजारातल्या दुरुस्तीवालीला बोलावलं. कोवळीच पोर, केस मुलांसारखे, खांद्याला पिशवी. खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसली. मुलगाही उशिरा जातो म्हणून थांबला होता. ती बटणं दाबत गेली, च् च् करत गेली.

"हा झाडू बोगस आहे. साफ करतो म्हणतो आणि घाण आणतो. आणि हे... हे भिंग कुणी टाकलं? सगळं इथून सुरू झालंय."

सूनबाई मुलाकडे बघत होती. मुलगा खाली बघत होता. मग तो म्हणाला, "मीच टाकलं असेल. जाऊ दे आता. काढून टाका."

पोर बापाला वाचवतोय! त्याला कळलंय आणि तो माझं पाप डोक्यावर घेतोय!

"मी टाकलं," मी म्हटलं. आवाज चिरकला. "मला दिसत नाही. अक्षरं मोठी व्हावीत म्हणून टाकलं. झाडूही मीच आणला. आणि ती बाई... मी बघितली. एकदा. थांबून बघितली. म्हणून ती परत परत आली. याने काही केलेलं नाही."

एवढं सलग मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

दुरुस्तीवाली हसली. पण वाईट नाही, आपल्या माणसासारखी हसली. "आजोबा, तुम्ही बघा, नाही तर डोळे मिटून बसा, हे सगळ्यांना तेच दाखवतं. याला एक्स्टेन्शन म्हणतात. ब्राउझरच्या आत घर करतं. टाकताना इंग्रजीत काही विचारलं होतं ना?"

"होतं. मुंग्यांएवढं."

"त्यात लिहिलेलं असतं, तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान मी वाचणार आणि हवं तसं बदलणार, चालेल का? तुम्ही म्हणालात, चालेल."

"पण ते आधी गुणी होतं हो! बरेच दिवस काही त्रास नव्हता."

"तसंच असतं. आधी गुणी असतं, लोक भरपूर जमू देतात. मग कुणी तरी ते विकत घेतं, गुपचूप आतलं बदलतं. दिसायला भिंग ते भिंगच." मग ती सूनबाईकडे वळली. "ताई, यावरून बँकेचं काही करता का? सगळे पासवर्ड बदला. आजच. तुम्ही काय टाइप करता तेही असली एक्स्टेन्शन वाचू शकतात."

दोन्ही काढली. मग मला जवळ बोलावलं. कीबोर्डवरचं एक बटण दाबून ठेवायला लावलं आणि दुसऱ्या हाताने अधिकचं चिन्ह. अक्षरं मोठी झाली. आणखी मोठी. भिंगाबिंगाशिवाय! "हे यात पहिल्यापासून होतं, आजोबा."

पहिल्यापासून! विचारलं असतं तर!

ती गेल्यावर मी मान वर करत नव्हतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, दिसत नाही एवढंच सांगायचं होतंत." आवाजात राग होता. असू दे, हक्काचा आहे. मग ती मुलाजवळ गेली, माझ्यादेखत त्याच्या बाहीला हात लावला. म्हणाली, "चुकलं माझं. नको नको ते बोलले तुला."

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मलाही रडू आवरेना.

बॅग परत कपाटावर गेली.

रविवार, ३१ मार्च

शिकवणी उद्यापासून सुरू. मॅडमनी ऐकून घेतलं. सूनबाईने पालकांना कळवलं — "घरातल्या वयस्कर व्यक्तीकडून चुकून." म्हणजे मी. आता गल्लीतून जाताना ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याच्या खिडकीकडे मी बघत नाही. काल एक बाई मला पाहून तोंडाला ओढणी लावून हसली. मला बघूनच हसली का, काय माहीत. पण मी रस्ता बदलला.

लाज वाटते. पण आधी वाटत होती ती निराळी. ती आत सडत होती. ही उन्हात टाकलीय.

ऑपरेशनला हो म्हटलं. सूनबाईने लगेच डॉक्टरांना फोन लावला, मी शब्द फिरवीन म्हणून. शिट्टी म्हणतो, "डोळा फुकट करून देतायत का बघ." त्याच्या शेंगा मी फेकून दिल्या.

मुलाची गादी परत त्यांच्या खोलीत. सूनबाई काल त्याच्या डब्यात त्याच्या आवडीचं काहीबाही भरत होती. किती वेळा त्याची माफी मागते! तो नुसता "बरं, बरं" म्हणतो. थकलाय बिचारा. एकदा घराने संशय घेतला की माणूस लवकर सावरत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

सूनबाई आत शिकवत होती. मुलगा माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं. कॉटच्या कडेला बसला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगितलंत म्हणून मी सुटलो."

मी म्हटलं, "अरे, दोष माझाच होता."

"जाहिरात सगळ्यांना दिसली, बाबा. मी तिला उत्तर दिलं."

मला कळेना. तो फरशीकडे बघत बोलत होता. "रोज बोलतो त्या बाईशी. खरी आहे की नाही तेही माहीत नाही. कॉम्प्युटर साफ झाला, आता फोनवर बोलतो. सोडवत नाही."

आतून सूनबाईची हाक आली, "शिकवणी झाली! बाबा, चहा टाकतेय. त्यालाही हवाय का, विचारा ना."

मुलगा माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "हो गं, दोघांनाही टाक."